गुप्तरोग आणि गृहिणी



विषय मीच सुचविला होता. निमंत्रणपत्रिकेवर तो ‘स्त्रियांचे आरोग्य’ असा छापला गेला आहे. तसा तो का छापावा लागला हे मी समजू शकते. पत्रिका घरोघर जाते, सासरे वाचतात, मुले वाचतात. परंतु मला बोलावयाचे आहे ते गुप्तरोगांविषयी. ज्यांना उठून जावेसे वाटेल त्यांनी खुशाल जावे, मला मुळीच राग येणार नाही. कोणी उठत नाही हे पाहून मात्र बरे वाटले.

प्रथम या नावाचाच विचार करू. गुप्त ठेवावयाच्या अवयवांचे रोग ते गुप्तरोग, असा आपण अर्थ घेतो. माझ्या अनुभवात दुसरा अर्थ अधिक खरा आहे. हे रोग स्वतःच लपून राहतात, आणि पुरुषाच्या शरीरापेक्षा बाईच्या शरीरात फार चांगले लपतात. पुरुषाला परमा झाला की बहुधा दोन ते पाच दिवसांत लघवीला आग होते, पू येतो आणि तो निमूटपणे डॉक्टरचे दार गाठतो. तोच परमा बायकोला झाला तर निम्म्याहून अधिक वेळा तिला काहीच कळत नाही. रोग बसतो गर्भाशयाच्या तोंडाशी. ते तोंड तिला दिसत नाही, आणि तेथे फारसे दुखतही नाही. उपदंशाचे म्हणजे आपण ज्याला गरमी म्हणतो त्याचेही तसेच. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी एक चट्टा उठतो. तो दुखत नाही, खाजत नाही आणि औषधावाचून तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येतो. पुरुषाला निदान तो दिसतो तरी. बाईच्या बाबतीत तो आत असला तर आला कधी आणि गेला कधी, याचा पत्ताही लागत नाही. त्यामुळे ‘मला काही त्रास नाही’ हे वाक्य या रोगांच्या बाबतीत पुरावा म्हणून चालत नाही.

आपल्याच महाराष्ट्रातला दाखला देते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष 1989 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शंभरातल्या पंचावन्न बायकांनी काही ना काही तक्रार सांगितली होती. तपासल्यावर मात्र शंभरातल्या ब्याण्णव जणींना स्त्रीरोग अथवा लैंगिक रोगांपैकी एक तरी विकार निघाला, आणि त्यांतले निम्मे विकार जंतुसंसर्गाचे होते. यापूर्वी अशी तपासणी व उपचार झालेल्या बायका होत्या शंभरात अवघ्या आठ. हे आकडे मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले आणि आमच्या गल्लीतल्या बायका एकेक करून डोळ्यांसमोर आणल्या. पंचावन्न आणि ब्याण्णव यांच्यामध्ये ज्या राहिल्या त्या न बोलणाऱ्या बायका नव्हेत. त्यांना बोलण्यासारखे काही जाणवतच नव्हते.

आता हे रोग ‘त्या’ बायकांचे, आपला काय संबंध, असे कोणाच्या मनात येत असेल. हा समज फार जुना आहे आणि तो सरकारी कायद्यातही उतरला होता. इंग्रजांनी 1868 साली हिंदुस्थानात सांसर्गिक रोगांचा एक कायदा केला. मुंबईतही त्याचा अंमल झाला. गोऱ्या सैनिकांना रोग होऊ नये म्हणून वेश्यांची नोंदणी करावयाची, त्यांना सक्तीने तपासावयाचे आणि रोग आढळला तर इस्पितळात अडकवून ठेवावयाचे, असा तो बेत होता. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषावर या कायद्याने कसलेच बंधन घातले नव्हते. 1888 साली तो रद्द झाला. कायदा गेला तरी त्याच्या मागची समजूत गेली नाही, ती आपल्या माजघरात येऊन बसली आहे. त्याहून जुने पाहावयाचे तर सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात भावमिश्रांनी या रोगाला फिरंग रोग म्हटले आहे, कारण तो फिरंग्यांच्या संसर्गाने येतो असे त्यांनी पाहिले होते. आपण फिरंग्यांकडे बोट दाखविले, फ्रेंचांनी इटालियनांकडे, इटालियनांनी फ्रेंचांकडे. दुसऱ्याचे नाव देऊन मोकळे व्हावे असाच हा रोग आहे.

वास्तविक, उंबरठ्याबाहेर पाऊल न टाकलेल्या बाईलाही तो होतो, आणि बहुतेक वेळा तिला तो नवऱ्याकडून मिळतो. येथे मी एका बाईची हकीकत सांगते. तिची ओळख पटू नये म्हणून खुणा बदलल्या आहेत. ती माझ्याकडे आली ती तिसऱ्या खेपेला. पहिले मूल सातव्या महिन्यात मेलेले जन्मले होते, दुसरे नऊ दिवस जगले होते. त्या दुसऱ्या बाळाचे नाक सतत चोंदलेले असे आणि तळहातातळपायांची साले निघत, एवढे तिला आठवत होते. घरच्यांनी करावयाचे ते सारे केले होते. नवस झाले, शांती झाली, पत्रिका दोनदा दाखवून झाली आणि सुनेच्या पायगुणाची चर्चा तर रोजचीच होती. आधीच्या दोन्ही बाळंतपणांच्या कागदांत हिमोग्लोबिन होते, साखर होती, पण उपदंशासाठी रक्त तपासल्याची नोंद कोठे नव्हती. मी ते तपासून घेतले आणि उपदंश निघाला.

नवरा कचेरीत नोकरीला, निर्व्यसनी, चार माणसांत मान असलेला. त्याला एकट्याला बोलावून घेतले. बराच वेळ तो गप्प बसला. मग म्हणाला, लग्नापूर्वी चारपाच महिने बदलीच्या गावी असताना एकदा असा चट्टा उठला होता. दुखत नव्हता. मलम लावले आणि तो गेला. बरे झाले असे समजून तो लग्नाला उभा राहिला. त्याने काही लपविले असे मला वाटत नाही. चट्टा गेला म्हणजे रोग गेला असे त्याला खरोखरच वाटले होते. दोघांनाही पेनिसिलिन दिले. मूल जिवंत जन्मले. बाळाचेही रक्त तपासले आणि त्यालाही इंजेक्शने दिली. सासूबाईंचे म्हणणे, नवस फळला. मी त्यावर काही बोलले नाही.

चट्टा जाऊनही रोग राहतो कसा, हे नीट समजून घेतले पाहिजे. उपदंशाचे जंतू मळसूत्रासारखे पीळदार असतात. ते 1905 साली बर्लिनमध्ये शाउडिन आणि हॉफमन यांना सापडले. चट्टा भरेपर्यंत ते रक्तात पसरलेले असतात. काही आठवड्यांनी अंगावर पुरळ उठते. हे पुरळ तळहातांवर आणि तळपायांवरही येते, आणि इतर पुरळांत हे क्वचितच दिसते. तेही आपोआप जाते. मग वर्षानुवर्षे काहीच दिसत नाही आणि दहा-वीस वर्षांनी काहींच्या हृदयाला, मेंदूला तो गाठतो. या मधल्या शांत काळात, विशेषतः पहिल्या तीनचार वर्षांत, बाई गरोदर राहिली तर जंतू वारेतून बाळापर्यंत पोहोचतात. आईच्या ताज्या उपदंशावर उपचार झाला नाही तर निम्म्याहून अधिक वेळा काही ना काही अनिष्ट घडते. गर्भ पडतो, मूल मेलेले जन्मते, अपुऱ्या दिवसांचे येते किंवा रोग घेऊन येते. जन्मताना धडधाकट दिसलेल्या मुलालाही पुढे बहिरेपण, डोळ्यांचा विकार, दातांचा दोष येऊ शकतो.

आणि इतक्या मोठ्या अनर्थावरचा उपाय किती लहान आहे पाहा! पूर्वी पारा देत, त्यात दात पडत आणि माणूस खंगे. 1910 साली एर्लिक आणि त्यांचे जपानी सहकारी हाता यांचे सोमलापासून केलेले औषध आले, ते वर्ष-वर्ष टोचून घ्यावे लागे. 1943 साली अमेरिकेत डॉ. महोनी यांनी उपदंशावर पेनिसिलिन वापरून पाहिले आणि सारे चित्र पालटले. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीस 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, तो हेच औषध देशात व्हावे म्हणून. नव्या उपदंशाला आजही बेंझाथिन पेनिसिलिनचे 24 लाख युनिटांचे एकच इंजेक्शन पुरते. रोग जुना असला किंवा केव्हाचा ते ठाऊक नसले तर आठवड्याच्या अंतराने तीन. इतक्या वर्षांत हा जंतू पेनिसिलिनला दाद देईनासा झाला नाही, हे आपले भाग्य. गरोदर बाईसाठी तर बाळापर्यंत पोहोचून त्यालाही बरे करणारे भरवशाचे औषध एवढेच. ते बाळंतपणाच्या निदान एक महिना आधी मिळावे. म्हणून सातव्या महिन्यात ओटीभरणानंतर तपासणी, असे चालणार नाही. दिवस गेल्याचे कळले की पहिल्याच भेटीत तपासणी झाली पाहिजे.

इंजेक्शनाविषयी दोन गोष्टी. पेनिसिलिन कोणाकोणाला सोसत नाही, म्हणून ते जेथे तातडीची सोय आहे अशाच ठिकाणी घ्यावे आणि नंतर अर्धा तास तेथेच बसावे. दुसरे, त्या रात्री ताप भरला, अंग मोडून आले, तर घाबरून पुढची इंजेक्शने टाळू नयेत. एकदम मेलेल्या जंतूंमुळे असा ताप येतो आणि दिवसभरात उतरतो. गरोदर बाईने मात्र तो ताप डॉक्टरांना कळवावा.

आता मी ज्या मुद्द्यासाठी मुख्यतः आले त्याकडे वळते. रक्ताच्या तपासणीचा कागद हातात आला की घरात काय होते? कागदावर ‘पॉझिटिव्ह’ असते. तो कागद सासू वाचते, दीर वाचतो, आणि संध्याकाळपर्यंत सून माहेरी. भगिनींनो, तो कागद काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे एकदा मनाशी पक्के करा. व्ही.डी.आर.एल. ही जी साधी तपासणी आहे ती चाळणीची तपासणी आहे. उपदंश नसतानाही काही वेळा, विशेषतः दुसऱ्या आजारांत, क्वचित गरोदरपणातही, ती फिकी पॉझिटिव्ह येऊ शकते. तेव्हा टी.पी.एच.ए. नावाची दुसरी तपासणी करून खात्री करतात. ती दुसरीही पॉझिटिव्ह आली, तर उपदंशाचे जंतू केव्हा तरी शरीरात शिरले होते एवढेच कळते. रोग उपचाराने पुरता बरा झाला तरी ही दुसरी तपासणी बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह राहते. रोग हटतो आहे की नाही ते पहिल्या तपासणीच्या आकड्यावरून समजते. तो 1:32 वरून 1:8 वर आला तर औषध लागू पडले. उलट, संसर्ग अगदी नवा असेल तर पहिली तपासणी निगेटिव्हही येते, म्हणून शंका असल्यास ती काही आठवड्यांनी पुन्हा करतात.

आणि कोणाकडून कोणाला, हे तर कोणतीच रक्ततपासणी सांगत नाही. ते सांगणारे यंत्र अजून निघालेले नाही. ज्याचे रक्त आधी तपासले त्याच्यावर आळ येतो, आणि रक्त आधी तपासले जाते बाईचे, कारण गरोदर ती राहते. मी पाहिलेल्या घरांतली निम्मी भांडणे नुसत्या या क्रमामुळे झाली. म्हणून माझा रिवाज असा की कागद बाईच्या हाती देण्यापूर्वी तिच्याशी बोलावयाचे, आणि तिच्या संमतीने नवऱ्याला त्याच आठवड्यात बोलावून त्याचेही रक्त घ्यावयाचे. दोन कागद एकदम टेबलावर आले की कोर्टकचेरीचा सूर जातो आणि औषधाचे बोलणे सुरू होते.

दोघांना एकदम औषध, हा तर या साऱ्या रोगांचा पहिला नियम. एकटीने औषध घेऊन उपयोग नाही, ते गळक्या बादलीत पाणी ओतण्यासारखे आहे. परमा असो, क्लॅमिडिया असो, ट्रायकोमोनास असो, बायकोला गोळ्या द्यावयाच्या आणि नवरा तसाच, की महिन्याभरात ती पुन्हा आजारी. मग ‘डॉक्टरीणबाईंच्या औषधाला गुण नाही’ म्हणून दुसरा दवाखाना! औषध घेतल्यापासून निदान सात दिवस पतिपत्नींनी दूर राहिले पाहिजे.

क्लॅमिडियाचे नाव आपल्यापैकी बहुतेकींनी ऐकलेले नसेल. त्याला मराठी नाव नाही, कारण त्याची कोणाला चाहूलच लागत नाही. परमा आणि क्लॅमिडिया हे दोन्ही गर्भाशयाच्या तोंडावरून वर चढतात, गर्भनलिका सुजतात आणि चिकटून बंद होतात. ओटीपोटात दुखणे, संबंधाच्या वेळी दुखणे, पाळीच्या मध्येच रक्त दिसणे, या खुणा दिसल्या तर दिसतात. पुष्कळदा पहिली खूण म्हणजे मूल न होणे. मग तिला वांझ म्हणावयाचे आणि नवऱ्याने दुसरा संसार मांडावयाचा. त्या दुसरीच्याही नलिका तो बंद करून ठेवतो, हे कोणी सांगत नाही.

परम्यावर मात्र पेनिसिलिनसारखी सुदैवाची गोष्ट उरलेली नाही. त्याच्या जंतूने आधी सल्फाची औषधे पचविली, मग पेनिसिलिन, मग सिप्रोफ्लॉक्सॅसिन. औषधाच्या दुकानात जाऊन ‘जरा आग होते आहे, काहीतरी द्या’ म्हणून घेतलेल्या दोन गोळ्यांचा हा प्रताप आहे. त्या दोन गोळ्यांनी आग थांबते, जंतू राहतो, आणि पुढच्या वेळी तो अधिक शहाणा होऊन येतो.

अंगावर पांढरे जाण्याविषयी न विचारता येथून कोणी मला सोडणार नाही, म्हणून थोडक्यात सांगते. सगळे पांढरे म्हणजे गुप्तरोग नव्हे. पाळीच्या मध्यावर थोडे स्वच्छ, चिकट जाणे हे निरोगीपणाचे आहे. त्याने हाडे झिजत नाहीत. दह्यासारखे गोळे व खाज ही बहुधा बुरशी असते, मधुमेहात व प्रतिजैविकांनंतर ती बळावते. माशासारखा वास, हिरवट-पिवळा रंग, फेस किंवा ओटीपोटात दुखणे असेल तर तपासून घ्यावे. आणि कृपा करून आत डेटॉल, तुरटीचे पाणी वगैरे घालून धुऊ नये. त्या जागेला स्वतःची राखण करणारे जंतू असतात. धुण्याने तेच मरतात आणि शत्रूला दार मोकळे मिळते.

रोग टाळावयाचा कसा? निरोध हा सर्वांत स्वस्त उपाय. 1968 पासून सरकार तो या नावाने विकत व वाटत आले आहे. आपण तो कुटुंबनियोजनाचे साधन म्हणून ओळखतो. तो रोगप्रतिबंधाचेही साधन आहे, हे रघुनाथ धोंडो कर्वे यांनी त्याच्या फार आधी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून सांगावयास सुरुवात केली होती. हे मासिक त्यांनी 1927 पासून 1953 सालापर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, स्वतः झीज सोसून चालविले. त्यासाठी कोर्टाची पायरीही चढले. 1934 च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. हे मासिक पूर्वी उशीखाली ठेवून वाचीत. अलीकडे घरातला मोबाइल उशीखाली ठेवून काय वाचतात ते देवास ठाऊक, पण त्यात कर्व्यांइतके खरे फारसे नसते.

लग्नाआधी दोघांचे रक्त तपासावे काय, असे आया मला विचारतात. जरूर तपासावे. परंतु ती तपासणी त्या दिवसापुरती खरी असते, जन्मभराची हमी नव्हे. आणि तपासावयाचे तर दोघांचे. नुसत्या मुलीचे रक्त मागणारे स्थळ आले तर नकार कळवावा.

दोन संसर्गांवर तर लस आहे. कावीळ ब ची लस बाळाला जन्मतःच देतात. दुसरी एच.पी.व्ही.ची. हा विषाणू गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाचे मूळ आहे, आणि हा शोध लावणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना 2008 साली नोबेल पारितोषिक मिळाले. लस नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना दिली तर सर्वांत चांगली लागू पडते. ती देणे म्हणजे मुलीविषयी शंका घेणे, असे काही आया समजतात. गोवराची लस देताना आपण अशी शंका घेत नाही.

एच.आय.व्ही.विषयी स्वतंत्र व्याख्यान हवे. आपल्या देशात तो 1986 साली चेन्नईत प्रथम आढळला, तेव्हा मृत्यूचे दुसरे नाव होता. आज रोज नियमाने गोळ्या घेणारी बाई आपली मुले वाढविते, आणि गरोदरपणात उपचार नीट झाले तर बाळ बहुतेक वेळा निरोगी जन्मते. बोटाच्या एकाच टोचणीत एच.आय.व्ही. आणि उपदंश या दोहोंची तपासणी होते. आपली शेजारीण श्रीलंका हिला 2019 साली जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाणपत्र मिळाले, की आईकडून बाळाला होणारे हे दोन्ही रोग तेथे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उरलेले नाहीत. क्यूबाला तसे 2015 सालीच मिळाले. या देशांनी नवे औषध शोधून काढले नाही. प्रत्येक गरोदर बाईचे रक्त वेळेवर तपासले, एवढेच केले.

सरकारी दवाखान्यांत ही तपासणी व उपचार विनामूल्य आहेत. 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेस गरोदर स्त्रियांची खास तपासणी असते. त्या दिवशी ‘उपदंशासाठी रक्त घेतले काय?’ असे तोंडाने विचारावे, आणि कागद घरी आणून तारखेसह जपून ठेवावा. जिल्हा रुग्णालयांत या रोगांसाठी ‘सुरक्षा’ नावाचा वेगळा विभाग असतो. तेथे नवऱ्यालाही घेऊन जाता येते. 1097 या क्रमांकावर नाव न सांगता विचारता येते.

आता प्रश्न. तोंडाने विचारावयाचा संकोच असेल तर चिटणीसबाईंनी कागदाच्या चिठ्ठ्या आणि एक डबा ठेवला आहे. चिठ्ठीवर नाव घालू नका. सगळ्याजणींनी एकेक चिठ्ठी टाका. ज्यांना विचारावयाचे नसेल त्यांनी कोरी टाकावी, म्हणजे कोणी लिहिले आणि कोणी नाही हे शेजारणीला कळणार नाही. तोवर चहा होऊ द्या.